महाभियोग राजकीय असावा, पक्षीय नसावा

एखाद्या उच्चपदस्थाविरुद्ध महाभियोगाची भाषा सुरू झाली, की त्याच्या बाजूने एक ठरावीक उत्तर दिले जाते : 'हा सारा राजकारणाचा खेळ आहे.' एवढे म्हटले म्हणजे आरोपातील हवा निघून गेली, असे उत्तर देणाऱ्याला वाटते. ऐकणाऱ्यालाही ते पटते; कारण 'राजकारण' हा शब्द आपल्या बोलण्यात फार दिवसांपासून बदनाम झालेला आहे. पतपेढीची निवडणूक असो, शाळेच्या व्यवस्थापन समितीतील फेरबदल असोत वा कचेरीतील बदल्या असोत, 'त्यात राजकारण आहे' असे म्हटले की पुढे विचार करण्याची गरजच उरत नाही. महाभियोगाच्या बाबतीत मात्र हे उत्तर जितके सोपे तितकेच फसवे आहे. महाभियोग राजकीय असतो, हे खरेच आहे. किंबहुना तो राजकीय असावा, अशीच ही व्यवस्था निर्माण करणाऱ्यांची इच्छा होती. विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. राजकीय निर्णय कशाला म्हणावे आणि पक्षीय निर्णय कशाला, हा तो प्रश्न होय.

समाजाने एखाद्याच्या हाती सत्ता सोपविली, तिचा त्याने कसा वापर केला आणि ती यापुढेही त्याच्याच हाती ठेवावी काय, याचा निवाडा हा राजकीय निवाडा. तो माणूस आपल्या बाजूचा की समोरच्या बाजूचा, एवढेच पाहून केलेला निवाडा हा पक्षीय निवाडा. दोन्ही निवाडे एकाच सभागृहात, तेच सदस्य, तसेच हात वर करून देत असतात. त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याची फसगत होते. ही फसगत टाळावयाची तर या संस्थेचा इतिहास थोडा उकलून पाहिला पाहिजे, आणि त्या इतिहासाचा एक धागा आपल्या वसईच्या किल्ल्यातून गेलेला आहे.

वसई ते वेस्टमिन्स्टर

१७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून जिंकून घेतलेला वसईचा किल्ला डिसेंबर १७८० मध्ये जनरल गॉडर्डच्या इंग्रजी फौजेने सर केला. गॉडर्डची मूळ फौज बंगालमधून मध्य हिंदुस्थान तुडवीत पश्चिम किनाऱ्याकडे आलेली होती आणि ती पाठविणारा होता गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज. पुढे १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई मराठ्यांना परत मिळाली; साष्टी तेवढी इंग्रजांकडेच राहिली. म्हणजे एवढा खटाटोप करून घेतलेला किल्ला दीड-दोन वर्षांत परत द्यावा लागला. खर्च मात्र होऊन गेला होता.

युद्धाचा खर्च कोणी ना कोणी भरतोच. कोणी भरला एवढाच प्रश्न असतो. एकीकडे मराठे, दुसरीकडे हैदर अली आणि तिसरीकडे फ्रेंचांशी वैर, अशा स्थितीत कलकत्त्याचा खजिना रिता झाला. तो भरण्यासाठी हेस्टिंग्जने बनारसच्या राजा चैतसिंगाकडे ठरलेल्या खंडणीवर वर्षाला ५ लाख रुपयांची जादा मागणी केली. ती देण्यात टाळाटाळ होते असे म्हणून ५० लाख रुपये दंड करण्याचा बेत आखला. त्यातून बंड उद्भवले आणि राजाचे राज्य गेले. पाठोपाठ अयोध्येच्या बेगमांच्या खजिन्यावर टाच आली. पश्चिम किनाऱ्यावरील तोफांच्या दारूगोळ्याचा आकडा अशा रीतीने गंगेकाठच्या खजिन्यांतून वसूल होत गेला.

हेस्टिंग्ज मायदेशी परतल्यावर एडमंड बर्कने १७८६ साली त्याच्यावर जे २२ आरोप मांडले, त्यांपैकी विसावा 'मराठ्यांशी युद्ध व तह' याविषयीचा होता. हे युद्ध कोणत्या दंडविधानाच्या कोणत्या कलमाखाली गुन्हा ठरत होते? कोणत्याच नव्हे. बर्कचे म्हणणे निराळे होते. ज्याच्या हाती कोट्यवधी लोकांचे नशीब दिले, त्याने त्या विश्वासाला तडा दिला काय, एवढेच त्याला विचारावयाचे होते. हा प्रश्न फौजदारी न्यायाधीशाला विचारता येत नाही. तो लोकप्रतिनिधींनाच विचारावा लागतो.

आता याच प्रकरणातील दुसरी बाजू पाहा. जून १७८६ मध्ये रोहिला युद्धाविषयीचा आरोप कॉमन्स सभागृहाने ११९ विरुद्ध ६७ मतांनी फेटाळला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत बनारसचा आरोप ११९ विरुद्ध ७९ मतांनी मान्य झाला. दरम्यान नवा पुरावा काही सापडला नव्हता. पंतप्रधान पिट यांनी ५० लाखांचा दंड अवाजवी ठरविला आणि त्यांच्यामागे बहुमत फिरले, एवढेच घडले. पिट यांचे मत सदसद्विवेकाने बदलले की सोयीने, याची चर्चा इतिहासकार आजही करतात. खटला १३ फेब्रुवारी १७८८ रोजी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये उभा राहिला आणि २३ एप्रिल १७९५ रोजी हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. सात वर्षांत खटल्याच्या खर्चाने तो कर्जबाजारी झाला आणि लोकांचा उत्साहही विरून गेला. विश्वासभंगाचा जाब विचारण्याची राजकीय उदात्तता आणि बहुमताच्या वाऱ्याबरोबर फिरणारी पक्षीय चंचलता, दोन्हींचे दर्शन या एकाच खटल्यात घडते.

अमेरिकेची वाट

हेस्टिंग्जवरील आरोपांचा गाजावाजा चालू असतानाच, सप्टेंबर १७८७ मध्ये, फिलाडेल्फिया येथे अमेरिकेची घटना लिहिली जात होती. अध्यक्षाला दूर करण्याची कारणे राजद्रोह आणि लाचलुचपत एवढीच असावीत, असा मसुदा होता. त्यावर जॉर्ज मेसन यांनी हेस्टिंग्जचेच उदाहरण दिले. हेस्टिंग्जने राजद्रोह केलेला नाही, तरी त्याच्यावर महाभियोग उभा राहतोच आहे. मग आपली व्याख्या इतकी आखूड कशाला, असा त्यांचा मुद्दा होता. त्यातूनच मोठे गुन्हे आणि गैरवर्तन यांचा समावेश करणारे शब्द घटनेत आले.

अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी पुढे या तरतुदीचे समर्थन करताना स्पष्ट सांगितले, की हे अपराध स्वभावत:च राजकीय आहेत, कारण त्यांची इजा थेट समाजालाच पोहोचते. त्याच लेखात त्यांनी धोक्याची सूचनाही दिली. निर्णय अपराधाच्या वजनावर न होता पक्षांच्या बळावर होईल, असे भय या व्यवस्थेत सदैव राहणार, हे त्यांनी ओळखले होते. या व्यवस्थेचे गुण आणि दोष एकाच मुळातून निघतात, हे तिच्या पुरस्कर्त्यांना ठाऊक होते.

त्यानंतरचा इतिहास या दोन टोकांमध्ये हेलकावे खाणारा आहे. १८६८ साली अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्याविरुद्ध सिनेटमध्ये ३५ मते पडली आणि बाजूने १९. दोन-तृतीयांशाला एक मत कमी पडले. ते कमी पडले, कारण रिपब्लिकन पक्षाच्या सात सदस्यांनी स्वपक्षाविरुद्ध मत दिले. १९७४ साली निक्सन यांनी मतदानापूर्वीच राजीनामा दिला. कारण स्वत:च्याच पक्षाचे ज्येष्ठ सदस्य आपल्याला वाचविणार नाहीत, हे त्यांना कळून चुकले. फेब्रुवारी २०२१ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्याविरुद्ध ५७ आणि बाजूने ४३ मते पडली. विरुद्ध मत देणाऱ्यांत त्यांच्या पक्षाचे सात जण होते, तरी ठराव दहा मतांनी फसला. या तिन्ही प्रसंगी लक्ष वेधून घेतात ती पक्षाची रेघ ओलांडणारी माणसे. ती किती निघतात, यावरून त्या निर्णयात राजकारण किती आणि पक्षकारण किती, हे मोजता येते.

आपल्या घटनेतील गणित

भारताच्या घटनेत 'महाभियोग' हा शब्द काटेकोरपणे फक्त राष्ट्रपतींसाठी आहे. अनुच्छेद ६१ अन्वये 'संविधानाचा भंग' हे एकच कारण सांगितलेले आहे आणि त्याची व्याख्या मुद्दामच केलेली नाही. कोणत्याही एका सभागृहाने आरोप करावयाचा. त्यासाठी एकूण सदस्यांच्या किमान एक-चतुर्थांश जणांच्या सह्यांची १४ दिवसांची लेखी सूचना हवी. तो ठराव एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांश मतांनी मंजूर व्हावयास हवा. मग दुसऱ्या सभागृहाने चौकशी करावयाची अथवा करवून घ्यावयाची. त्या चौकशीत स्वत: वा प्रतिनिधीमार्फत बाजू मांडण्याचा हक्क राष्ट्रपतींना आहे. तेथेही तितक्याच मतांनी आरोप सिद्ध झाल्याचा ठराव झाला, की त्याच दिवसापासून पद रिकामे होते. ५४३ जागांच्या लोकसभेत यासाठी ३६२ आणि २४५ जागांच्या राज्यसभेत १६४ मते लागतात. उपस्थितांच्या नव्हे, एकूण सदस्यांच्या दोन-तृतीयांश! आजवर कोणत्याही राष्ट्रपतीवर असा महाभियोग सिद्ध झालेला नाही.

या गणितात एक गंमत आहे. राष्ट्रपतींना निवडतात निर्वाचित खासदार आणि राज्यांचे आमदार. दूर करताना मात्र आमदारांना मत नाही, आणि निवडणुकीत मत नसलेल्या नामनियुक्त खासदारांना मत आहे. निवडणे आणि काढणे ही दोन वेगळ्या स्वरूपाची कामे आहेत, असा याचा अर्थ लावता येतो. निवडताना पसंती पुरते. काढताना कारण द्यावे लागते.

येथे एखादा वाचक विचारील, की सरकारी कारकुनाला बडतर्फ करावयाचे तर अनुच्छेद ३११ नुसार दोषारोप लेखी द्यावे लागतात, चौकशी करावी लागते, म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी लागते. मग राष्ट्रपतीचा निवाडा न्यायाधीशांकडे का नाही? याचे उत्तर साधे आहे. कारकुनाला वरिष्ठ असतो आणि त्या वरिष्ठाने घालून दिलेले नियम असतात; नियम मोडला की नाही, एवढेच तपासावयाचे असते. राष्ट्रपतीला वरिष्ठ नाही. त्याच्यावर आहे ती केवळ जनता, आणि जनतेच्या वतीने बोलणारी संसद. तरीही घटनाकारांनी न्यायप्रक्रियेची दारे बंद केलेली नाहीत. राष्ट्रपती आपल्या अधिकारांच्या वापराबद्दल न्यायालयाला उत्तरदायी नाहीत, असे सांगणाऱ्या अनुच्छेद ३६१ मध्येच एक अपवाद आहे : महाभियोगाच्या आरोपाची चौकशी सभागृह एखाद्या न्यायालयाकडे वा न्यायाधिकरणाकडे सोपवू शकते. तात्पर्य, तपास न्यायालयीन असू शकतो. निर्णय मात्र लोकप्रतिनिधींचाच.

या व्यवस्थेची मर्यादा २५ जून १९७५ च्या रात्री दिसली. मंत्रिमंडळाची बैठक होण्यापूर्वीच, केवळ पंतप्रधानांच्या सल्ल्यावरून, राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. हा संविधानाचा भंग होता काय, हा प्रश्न संसदेत विचारला जाणेच शक्य नव्हते; कारण विचारू शकणारे बहुमत त्याच पंतप्रधानांचे होते, आणि विरोधी पक्षांचे अनेक नेते तुरुंगात होते. त्याचे उत्तर अखेर १९७७ च्या मतदाराने दिले, आणि १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळविल्याखेरीज आणीबाणी घोषित करता येणार नाही, अशी तरतूद केली. राष्ट्रपती आणि बहुमत एकाच बाजूला असतील, तर महाभियोग हे म्यानातच गंजणारे शस्त्र आहे, हा त्या रात्रीचा धडा होय.

१९९३ : मौनाचे मतदान

राष्ट्रपतींच्या बाबतीत ही परीक्षा झालेली नसली, तरी तिच्या अगदी जवळची परीक्षा एकदा झाली, आणि तिच्यात महाराष्ट्राशी नाते असलेल्या व्यक्ती व संस्था निर्णायक ठिकाणी होत्या. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्यावर, ते पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असतानाच्या काळातील शासकीय खर्चावरून, गैरवर्तनाचे आरोप झाले. १९९१ साली लोकसभेच्या १०८ सदस्यांनी ठरावाची सूचना दिली. त्यावर नेमलेल्या तीनसदस्य समितीचे प्रमुख होते न्या. पी. बी. सावंत, आणि एक सदस्य होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती पी. डी. देसाई, तिसरे न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी. समितीने सविस्तर चौकशी करून १४ पैकी ११ आरोप सिद्ध झाल्याचा निष्कर्ष काढला.

१० व ११ मे १९९३ रोजी ठराव लोकसभेपुढे आला, तेव्हा सभापतीच्या आसनावर लातूरचे शिवराज पाटील होते. ठराव सोमनाथ चटर्जी यांनी मांडला. न्यायमूर्तींची बाजू कपिल सिब्बल यांनी सभागृहाच्या कठड्यापाशी उभे राहून मांडली. मतदान झाले. ठरावाच्या बाजूने १९६ मते पडली. विरुद्ध एकही मत पडले नाही! काँग्रेस व तिच्या मित्रपक्षांचे मिळून २०५ सदस्य तटस्थ राहिले. उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन-तृतीयांशाची अट पूर्ण झाली होती. नव्हे, मत देणारे सर्वच्या सर्व ठरावाच्या बाजूचे होते. परंतु एकूण सदस्यांच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे २७३ मते हवी होती. ती मिळाली नाहीत. ठराव पडला आणि न्यायमूर्ती पदावर राहून १९९४ मध्ये निवृत्त झाले.

'महाभियोग राजकीय असतो तो असा' म्हणून या प्रसंगाचा दाखला नेहमी दिला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो दाखला उलटा आहे. त्या २०५ सदस्यांपैकी कोणीही उभे राहून 'समितीचा निष्कर्ष आम्हाला मान्य नाही' असे मत नोंदविले असते, तर तो राजकीय निर्णय झाला असता. चूक का होईना, त्याची जबाबदारी कोणाच्या तरी शिरावर पडली असती. त्यांनी निर्णयच दिला नाही. ज्या कामासाठी लोकांनी निवडून पाठविले ते काम टाळून, काम टाळल्याचा लाभ तेवढा पदरात पाडून घेतला. यात राजकारण जास्त झाले असे नव्हे. राजकारण कमी पडले. लोकप्रतिनिधीने निर्णयाची जबाबदारी उचलणे हेच जर राजकारण असेल, तर त्या दिवशी सभागृहातील अर्ध्याहून अधिक उपस्थितांनी राजकारणातून पळ काढला.

असे घडणे अपरिहार्य नव्हते. २०११ साली कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्या. सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा ठराव राज्यसभेत सीताराम येचुरी यांनी मांडला, विरोधी बाकावरील अरुण जेटली यांनी त्याला युक्तिवादाचे बळ दिले, आणि तो १८९ विरुद्ध १७ मतांनी संमत झाला. लोकसभेची पाळी येण्यापूर्वीच न्यायमूर्तींनी राजीनामा दिला. डावे, उजवे आणि मधले एका बाजूला आले, कारण चौकशीचा अहवाल समोर होता आणि तो वाचून मत देण्याची तयारी होती.

दक्षिण कोरियात हाच फरक एका आठवड्याच्या अंतराने दिसला. अध्यक्ष यून सुक योल यांनी लष्करी कायदा पुकारल्यानंतर ७ डिसेंबर २०२४ रोजी त्यांच्याविरुद्ध ठराव आला, तेव्हा सत्तारूढ पक्षाच्या बहुतेक सदस्यांनी सभात्याग केला आणि आवश्यक संख्येअभावी ठराव बारगळला. ती १९९३ च्या मौनाचीच आवृत्ती होती. पण कडाक्याच्या थंडीत लोक संसदेबाहेर जमले, आणि १४ डिसेंबरला ३०० पैकी २०४ मतांनी ठराव संमत झाला. त्यांत सत्तारूढ पक्षातील मतेही होती. पुढे ४ एप्रिल २०२५ रोजी तेथील घटना न्यायालयाने एकमताने अध्यक्षांना पदच्युत केले. मौन लोकांसमोर फार काळ टिकत नाही. मात्र लोकांनी ते पाहत असल्याचे दाखवून दिले पाहिजे.

दोन विकृती

मौन ही एक विकृती. तिच्या उलट दुसरी विकृती म्हणजे निमित्त शोधून केलेली हकालपट्टी. ब्राझीलच्या अध्यक्ष डिल्मा रूसेफ यांना ३१ ऑगस्ट २०१६ रोजी सिनेटने ६१ विरुद्ध २० मतांनी दूर केले. आरोप अर्थसंकल्पाचा होता : सरकारी बँकांना द्यावयाच्या रकमा लांबणीवर टाकून तूट कमी भासविली, आणि काँग्रेसच्या संमतीवाचून पुरवणी खर्चाचे आदेश काढले. हिशेबाची ही हातचलाखी निंद्यच आहे. परंतु देशाचे उत्पन्न २०१५ आणि २०१६ या दोन्ही वर्षी तीन टक्क्यांहून अधिक घटले नसते, अध्यक्षांची लोकप्रियता ढासळली नसती, तर तेवढ्यावरून त्या गेल्या असत्या काय? मंदीचा राग हिशेबाच्या कलमाखाली नोंदविला गेला, असे म्हणणाऱ्यांना पूर्ण खोटे ठरविता येत नाही. सरकार अप्रिय झाले, तर त्याचे उत्तर निवडणूक हे आहे. महाभियोग हे विश्वासभंगाचे उत्तर आहे. एकाचे औषध दुसऱ्याला दिले, की रोग दोन्हीकडे वाढतो.

महाराष्ट्राने तिसराच प्रकार पाहिला. जून २०२२ मध्ये शिवसेनेतील बंडाच्या वेळी विधानसभेचे अध्यक्षपद रिकामे होते आणि उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ काम पाहत होते. बंडखोर आमदारांच्या अपात्रतेचे अर्ज त्यांच्यापुढे येण्याच्या सुमारासच, त्यांनाच पदावरून दूर करण्याची सूचना देण्यात आली. अध्यक्षाविरुद्ध अशी सूचना प्रलंबित असताना त्याने अपात्रतेचा निर्णय करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली नबाम रेबिया प्रकरणात सांगितले होते. झिरवाळ यांनी ती सूचना अनधिकृत ठरवून फेटाळली. वाद दिल्लीला गेला. दरम्यान सरकारच बदलले. पदच्युतीची सूचना येथे आरोप म्हणून नव्हे, ढाल म्हणून वापरली गेली. आणि ज्याच्या आसनाला आव्हान दिले, त्यानेच त्या आव्हानाची छाननी केली. दोन्ही बाजूंनी नियमांचा आधार घेतला. पण उपाध्यक्षांनी नेमके कोणते गैरवर्तन केले, हा मूळ प्रश्न कोणाच्याच केंद्रस्थानी राहिला नाही. मे २०२३ मध्ये घटनापीठाने नबाम रेबियातील तत्त्व फेरविचारासाठी सात न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपविले.

त्याच निकालात न्यायालयाने, राज्यपालांनी बहुमत सिद्ध करण्यास सांगणे समर्थनीय नव्हते, असेही म्हटले. मग राज्यपालांचे काय? घटनेत त्यांच्यासाठी महाभियोगच नाही; राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत ते पदावर असतात, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकारची मर्जी असेपर्यंत. केंद्र-राज्य संबंधांवरील पूंछी आयोगाने २०१० साली राज्यपालांना निश्चित मुदत द्यावी आणि विधिमंडळामार्फत महाभियोगासारखी प्रक्रिया असावी, अशी शिफारस केली होती. ती अंमलात आलेली नाही. ज्या पदासाठी राजकीय जाब विचारण्याची उघड वाट नसते, तेथील हिशेब बंद दाराआड होतात, एवढे यातून दिसते.

मग कसोटी कोणती?

महाभियोग न्यायालयांकडे सोपवून राजकारणापासून मुक्त करावा, ही सूचना आकर्षक आहे. पण ती पुरेशी नाही. कोरियात अंतिम निर्णय न्यायालयाचा असूनही २००४ साली अध्यक्ष रोह मू-ह्युन यांच्या प्रकरणात संसदेच्या ठरावानंतर झालेल्या निवडणुकीत मतदारांनी त्यांच्या समर्थकांना बहुमत दिले, आणि त्यानंतर न्यायालयाने त्यांना पद परत दिले. राजकारण दारातून घालविले तर खिडकीतून येते. त्याला सन्मानाने दारातून आत घ्यावे आणि त्याच्यावर काही अटी घालाव्यात, हे अधिक शहाणपणाचे.

पहिली अट, आरोप नेमका आणि लेखी असावा. 'विश्वास उरला नाही' हे सरकार बदलण्याचे कारण आहे, राष्ट्रपती वा न्यायाधीश बदलण्याचे नव्हे. दुसरी, चौकशी सभागृहाबाहेरच्या तटस्थ व्यक्तींनी करावी आणि तिचा अहवाल मतदानापूर्वी लोकांसमोर यावा. सावंत समितीने हे काम कसे करावे याचा वस्तुपाठ घालून दिलेला आहे. तिसरी, पक्षादेश लागू नसावा. पक्षांतरबंदीचा बडगा विश्वासदर्शक ठराव आणि पक्षाचे मूलभूत धोरण यांच्यापुरताच मर्यादित असावा, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली किहोटो होलोहान प्रकरणात लावलेला आहे. तो महाभियोगाच्या प्रसंगी पक्षांनी मनापासून पाळावा. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची अट, तटस्थ राहणाऱ्याने कारण सांगावे. बाजूने वा विरुद्ध मत देणारा मतदारांना जबाबदार राहतो. गप्प बसणारा कोणालाच नाही.

या अपेक्षा भाबड्या वाटत असतील, तर गावाकडे पाहावे. महाराष्ट्रात थेट निवडून आलेल्या सरपंचावर अविश्वासाचा ठराव आणावयाचा, तर तीन-चतुर्थांश पंचांची संमती पुरत नाही. तो ग्रामसभेपुढे जाऊन गावकऱ्यांच्या गुप्त मतदानातही टिकावा लागतो. सरपंचाला हटवू पाहणाऱ्यांना आपले कारण चावडीवर सांगावे लागते. जो जाब ग्रामपंचायतीच्या सदस्याला चुकत नाही, तो लोकसभेच्या सदस्याला का चुकावा? आणि जेथे निवडून आलेली सभाच नसते, तेथे काय होते, याचा अनुभव वसई-विरारकरांना आहे. २०२० साली महापालिकेची मुदत संपल्यावर पाच वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाने पाहिला. त्या काळात पाण्याच्या वा रस्त्याच्या तक्रारीसाठी अर्ज करता येत होता. कोणाला पदावरून दूर करण्याचा ठराव मांडणारे मात्र कोणी नव्हते.

म्हणून पुढच्या वेळी महाभियोगाची चर्चा सुरू होईल आणि 'हे राजकारण आहे' असे कोणी म्हणेल, तेव्हा त्याला होकार द्यावा आणि लगेच तीन प्रश्न विचारावेत : आरोप काय आहे? चौकशीने काय सांगितले? आणि आमच्या खासदाराने कोणते मत दिले, व का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे वर्तमानपत्रात मिळतील. तिसऱ्याचे उत्तर मतदाराने मागितल्याशिवाय मिळणार नाही. १९९३ साली २०५ सदस्यांना ते कोणी पुरेशा जोराने मागितले नाही, आणि म्हणूनच त्यांचे मौन इतके स्वस्त पडले.